ऊर्जेचे आकडे छापणाऱ्यांस: कॅलरी आणि ज्यूल यांविषयी एक खुले पत्र

प्रति,
आहार, आरोग्य आणि विज्ञान या विषयांवर मराठीत लिहिणारे लेखक, ते लेखन तपासणारे संपादक आणि शालेय पुस्तकांचे रचनाकार यांस



मराठीतील आहारविषयक लेखन गेल्या काही दशकांत विपुल झाले असून, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांपासून दिवाळी अंकांपर्यंत आणि रुग्णालयांच्या पत्रकांपासून शालेय पुस्तकांपर्यंत सर्वत्र अन्नातील ऊर्जेचे आकडे वाचकांपुढे ठेवले जातात. मधुमेह, स्थूलता आणि कुपोषण या तिन्हींचा भार एकाच वेळी वाहणाऱ्या समाजात हे लेखन आवश्यक आहे आणि ते करणाऱ्यांविषयी या पत्रात आदरच आहे. तरीही या लेखनात एक दोष इतक्या सातत्याने आढळतो की त्याविषयी उघडपणे बोलणे भाग आहे. ऊर्जेचा आकडा दिला जातो, पण त्याचे एकक अर्धवट लिहिले जाते. कॅलरीचे ज्यूलमध्ये किंवा ज्यूलचे कॅलरीमध्ये रूपांतर केले जाते, पण ते कोणत्या गुणकाने केले हे सांगितले जात नाही. आणि बहुतेक ठिकाणी ज्यूलचा उल्लेखच टाळला जातो, जणू ते एकक भौतिकशास्त्राच्या वर्गापुरतेच आहे. हा दोष दूर करणे सर्वस्वी आपल्या हाती असल्यामुळे हे पत्र आपल्यालाच लिहिले आहे.

सर्वांत गंभीर बाब प्रथम. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी जितकी उष्णता लागते तिला कॅलरी म्हणतात, आणि एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान तेवढेच वाढवण्यास लागणाऱ्या उष्णतेला किलोकॅलरी म्हणतात. म्हणजे दुसरे एकक पहिल्याच्या हजारपट आहे. आहारशास्त्रातील सर्व व्यवहार किलोकॅलरीत चालतो, परंतु छापताना 'किलो' गळून पडतो आणि प्रौढ व्यक्तीला दिवसाला २००० कॅलरी लागतात, असे वाक्य तयार होते. हे वाक्य शब्दशः घेतले तर २००० कॅलरी म्हणजे २ किलोकॅलरी, म्हणजेच अर्धा ग्रॅम साखरेतून मिळणारी ऊर्जा होय, आणि तेवढ्यावर कोणाचाही दिवस निघत नाही. संदर्भावरून वाचक अर्थ समजून घेतो, असे याचे समर्थन केले जाते. पण जो वाचक आधीपासून जाणता आहे तोच संदर्भावरून समजतो, आणि ज्याच्यासाठी हे लेखन केले जाते त्याला तो संदर्भ नसतो.

या गोंधळाला इतिहास आहे आणि तो आपल्या लेखकांनी निर्माण केलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. पॅरिसमध्ये निकोला क्लेमाँ यांनी १८१९ ते १८२४ या काळात दिलेल्या व्याख्यानांत कॅलरी हे एकक वापरले तेव्हा ते किलोग्रॅम पाण्यावर आधारलेले होते. पुढे १८५२ मध्ये फाव्र आणि सिल्बरमान या फ्रेंच संशोधकांनी तोच शब्द ग्रॅम पाण्यासाठी वापरला, आणि एकाच नावाची दोन एकके प्रचारात आली. मार्सेलिन बर्थेलो यांनी १८७९ मध्ये यावर तोड काढली ती अशी की लहान एककाचे नाव लहान आद्याक्षराने आणि मोठ्या एककाचे नाव मोठ्या आद्याक्षराने लिहावे. अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी १८८७ पासून सामान्य वाचकांसाठी केलेल्या लेखनातून मोठी कॅलरी घराघरांत पोचवली. आद्याक्षराचा हा संकेत रोमन लिपीतही वाक्याच्या आरंभी किंवा शीर्षकात निरुपयोगी ठरतो. देवनागरीत तर लहान-मोठी अक्षरेच नसल्यामुळे तो मुळातच लागू पडत नाही. रोमन लिपीतील मजकुरावरून मराठीत मजकूर तयार करताना मोठे आद्याक्षर नाहीसे होते आणि त्याबरोबर हजाराचा गुणकही नाहीसा होतो. म्हणून मराठीत या संकेताच्या आधारावर राहता येत नाही आणि 'किलोकॅलरी' हा शब्द पूर्ण लिहिण्याला पर्याय उरत नाही. आहारलेखनात रूढ झालेला 'उष्मांक' हा शब्दही किलोकॅलरीच्याच अर्थाने वापरला जातो. तो वापरायला हरकत नाही, पण लेखात एकदा तरी एक उष्मांक म्हणजे एक किलोकॅलरी असे स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

या निष्काळजीपणाची किंमत सर्वाधिक विद्यार्थी मोजतात. भौतिकशास्त्राच्या प्रकरणात त्यांना सांगितले जाते की एक कॅलरी म्हणजे ४.१८ ज्यूल, आणि आहाराविषयीच्या मजकुरात तेच विद्यार्थी दिवसाला २००० कॅलरी असे वाचतात. जो विद्यार्थी ही दोन्ही वाक्ये प्रामाणिकपणे एकत्र ठेवतो त्याला ८३६० ज्यूल, म्हणजे ८.३६ किलोज्यूल असे उत्तर मिळते, जे खऱ्या उत्तराच्या एक हजारांश आहे. विचार करणारा विद्यार्थी येथे चुकतो आणि न विचारता पाठ करणाऱ्याला काहीच अडचण येत नाही; शिक्षणाच्या दृष्टीने याहून वाईट परिणाम क्वचितच असेल. विचार करणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात असे ठसते की विज्ञानाच्या एका पुस्तकातील राशी दुसऱ्या पुस्तकात चालत नाहीत, आणि ही समजूत पुढे सहजासहजी पुसली जात नाही.

वस्तुतः कॅलरी आणि ज्यूल यांचे नाते हा विज्ञानातील फार मोठा शोध आहे, आणि त्याला केवळ कोष्टकातील एक ओळ मानणे ही आपल्याविषयीची दुसरी तक्रार आहे. मैलाचे किलोमीटर करणे आणि कॅलरीचे ज्यूल करणे या दोन गोष्टी एका जातीच्या नाहीत. मैल आणि किलोमीटर ही दोन्ही प्रथमपासून लांबीचीच एकके होती. त्यांतील गुणक हा संकेताचा भाग होता. कॅलरी मात्र उष्णतेचे माप म्हणून जन्मली, आणि ज्या एककाला पुढे ज्यूल हे नाव मिळाले ते यांत्रिक कार्याचे माप होते, म्हणजे एक न्यूटन बल लावून एखादी वस्तू त्या बलाच्या दिशेने एक मीटर सरकवताना होणारे कार्य. उष्णता हा एक सूक्ष्म, अविनाशी द्रव असून तो एका वस्तूतून दुसरीत वाहतो, अशी समजूत एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बऱ्याच विद्वानांची होती, आणि ती खरी असती तर कॅलरीचे ज्यूलमध्ये रूपांतर करण्याचा प्रश्नच निरर्थक ठरला असता. तोफांच्या नळ्यांना भोक पाडताना अखंड उष्णता निर्माण होते, हे काउंट रम्फर्ड यांनी म्युनिक येथे पाहून १७९८ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्या समजुतीला तडा दिला. जर्मनीतील वैद्य युलिउस रॉबर्ट मायर यांनी १८४२ मध्ये उष्णता आणि कार्य यांच्यात निश्चित प्रमाण असल्याचे मांडले. पण ते प्रमाण प्रयोगाने, पुन्हा पुन्हा आणि वेगवेगळ्या मार्गांनी मोजण्याचे श्रेय इंग्लंडमधील सॅलफर्ड येथे १८१८ मध्ये जन्मलेल्या जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचे आहे.

मद्यनिर्मितीचा व्यवसाय असलेल्या घराण्यातील ज्यूल यांनी कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापकी केली नाही. त्यांचे बरेचसे प्रयोग घरच्या प्रयोगशाळेत झाले. १८४३ मध्ये त्यांनी विद्युतचुंबकीय यंत्राच्या साह्याने पहिला आकडा काढला, आणि १८४५ पासून त्यांचा तो प्रसिद्ध प्रयोग पुढे आला ज्यात खाली उतरणाऱ्या वजनांच्या ओढीने पाण्यातील वल्ही फिरतात, पाणी घुसळले जाते आणि त्याचे तापमान किंचित वाढते. ही वाढ फॅरनहाइटच्या एका अंशाहूनही कमी असे, म्हणून तापमापकावरील अतिसूक्ष्म फरक वाचण्याच्या त्यांच्या कौशल्यावर सारा निष्कर्ष अवलंबून होता. १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील आकडा असा की एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवायचे तर ७७२ पौंड वजन एक फूट खाली येऊ द्यावे लागते. आजच्या एककांत हा आकडा एका कॅलरीला सुमारे ४.१५ ज्यूल इतका होतो. आजच्या स्वीकृत मूल्याशी त्याचा फरक एका टक्क्याहूनही कमी आहे. त्यांनी १८७८ मध्ये काढलेला ७७२.५५ हा सुधारित आकडा त्यांच्या समाधीशिळेवर कोरलेला आहे. याच प्रमाणाची दुसरी बाजू अशी की पाणी सुमारे ४२७ मीटर उंचीवरून खाली पडून त्याची सारी ऊर्जा त्या पाण्यातच राहिली, तर त्याचे तापमान जेमतेम एक अंश सेल्सिअसने वाढेल. थोडे पाणी कोमट करायलाही किती कार्य लागते याची कल्पना या एका वाक्याने येते, आणि अशी वाक्ये शालेय पुस्तकांत असावीत, अशी अपेक्षा बाळगणे अवाजवी नाही. '१ कॅलरी = ४.१८ ज्यूल' ही ओळ चौकटीत छापून पुढे जाणे म्हणजे विद्यार्थ्याला उत्तर देऊन प्रश्न लपवून ठेवणे होय.

आता गुणकाविषयी. एका पुस्तकात ४.१८, दुसऱ्यात ४.१८४, तिसऱ्यात ४.१८६८ आणि कुठे ४.२ असे आकडे पाहून वाचक गोंधळतो, आणि यांतील कोणता बरोबर असे विचारतो. याचे उत्तर असे आहे की हे सर्व आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण कॅलरी एक नाही. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एकक वस्तुमानाचे तापमान एक अंशाने वाढवण्यास लागणारी उष्णता, सर्व तापमानांना सारखी नसते. ती शून्य अंशाजवळ थोडी जास्त असते, साधारण ३५ अंशांच्या आसपास सर्वांत कमी होते आणि पुन्हा हळूहळू वाढते. त्यामुळे कोणत्या तापमानाचे पाणी घेतले हे सांगितल्याशिवाय कॅलरीची व्याख्या पुरी होत नाही. १४.५ ते १५.५ अंश या टप्प्यात मोजलेल्या कॅलरीचे मूल्य सुमारे ४.१८५५ ज्यूल आहे. रसायनशास्त्रज्ञांनी पाण्याचा आधार सोडून देऊन आपली कॅलरी नेमकी ४.१८४ ज्यूल अशी ठरवून टाकली, आणि वाफेच्या गुणधर्मांची कोष्टके करणाऱ्या अभियंत्यांनी १९५६ मध्ये आपली कॅलरी नेमकी ४.१८६८ ज्यूल अशी निश्चित केली. म्हणजे ज्यूलला कॅलरीने मोजण्याऐवजी कॅलरीच आता ज्यूलने मोजली जाते. वजन-मापांच्या नवव्या आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण परिषदेने १९४८ मध्येच उष्णतेचे एकक ज्यूल हे असल्याचे ठरवले आणि उष्णतामापनाचे निष्कर्ष शक्यतो ज्यूलमध्ये द्यावेत, कॅलरी टाळताच आली नाही तर ज्यूलमध्ये रूपांतर करण्यासाठी लागणारा सर्व तपशील सोबत द्यावा, अशी विनंती केली. ही विनंती प्रयोगशाळांना होती. पण तिच्यामागील न्याय छापखान्यालाही लागू पडतो.

आहारविषयक लेखनासाठी ४.१८४ हा गुणक सर्वमान्य आहे आणि तोच वापरावा. ४.१८४ आणि ४.१८६८ यांतील फरक एका टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी असल्याने भाकरीच्या हिशेबात त्याला अर्थ नाही. मात्र गुणकाच्या अचूकतेमुळे उत्तरही तितकेच अचूक होते, असा समज आपल्या लेखनात वारंवार दिसतो आणि तो दूर होणे आवश्यक आहे. एका पोळीत सुमारे ८० किलोकॅलरी असे म्हणायचे आणि लगेच कंसात ३३४.७२ किलोज्यूल असे छापायचे, हे गणित बरोबर असूनही विधान म्हणून चूक आहे. कारण पोळी केवढी, पीठ कोणते, तेल किती, यांवर मूळचा ८० हा आकडाच दहा-वीसने हलतो. मूळ आकड्यात जितके सार्थ अंक, म्हणजे ज्यांच्यावर विसंबता येईल असे अंक आहेत तितकेच रूपांतरित आकड्यात ठेवावेत. येथे सुमारे ३३० किलोज्यूल एवढे लिहिणे पुरेसे आणि प्रामाणिक आहे. दशांशचिन्हापुढील अंक वाचकाच्या मनात जो विश्वास निर्माण करतात तो मापनाने कमावलेला नसेल, तर तो घेण्याचा अधिकार लेखकाला नाही.

याच्याच उलट एक तक्रार संपादकांकडून होते, की आयात केलेल्या पाकिटांवरील किलोज्यूल आणि किलोकॅलरी यांचे आकडे ४.१८४ ने भागून जुळत नाहीत, म्हणजे छापणाऱ्याने चूक केली असावी. बहुतेक वेळा ती चूक नसते. अन्नातील ऊर्जा प्रत्येक वेळी जाळून मोजली जात नाही. अ‍ॅटवॉटर यांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार कर्बोदके आणि प्रथिने यांना प्रत्येक ग्रॅमला ४ किलोकॅलरी आणि स्निग्ध पदार्थांना ९ किलोकॅलरी असे ढोबळ गुणक लावून ती काढली जाते. हे गुणक उष्णतामापीत अन्न जाळून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा वेगळे आहेत, कारण शरीराला मिळणारी ऊर्जा आणि जळून सुटणारी ऊर्जा सारखी नसते. प्रथिनांतील नायट्रोजन युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडतो आणि त्याबरोबर काही ऊर्जाही जाते. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमावलीत हेच गुणक किलोज्यूलमध्ये अनुक्रमे १७ आणि ३७ असे पूर्णांकात दिले आहेत. आता १७ ला ४ ने भागले तर ४.२५ येतात आणि ३७ ला ९ ने भागले तर सुमारे ४.११, ४.१८४ कुठेच येत नाही. म्हणून १० ग्रॅम साखरेची नोंद ४० किलोकॅलरी आणि १७० किलोज्यूल अशी, आणि १० ग्रॅम शुद्ध तेलाची ९० किलोकॅलरी आणि ३७० किलोज्यूल अशी होते. दोन्ही आकडे घटकांपासून स्वतंत्रपणे काढलेले असतात, एकावरून दुसरा काढलेला नसतो. असे आकडे छापील लेखात घेताना ते ४.१८४ मध्ये बसवण्यासाठी 'दुरुस्त' करू नयेत, ही संपादकांना आग्रहाची विनंती आहे.

ज्यूल हे परक्या देशांचे एकक आहे आणि येथील वाचकाला त्याची गरज नाही, असे आपल्यापैकी काहींचे मत दिसते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांत ऊर्जेचे आकडे किलोज्यूलमध्येच दिलेले आहेत, आणि भारतीय अन्नाविषयी गंभीरपणे लिहिणाऱ्याला ते तक्ते उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. त्याआधी सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच संस्थेतून तयार केलेले तक्ते किलोकॅलरीत होते, आणि मराठीतील बरेचसे लेखन अजून त्या जुन्या आकड्यांवर चालले आहे. ज्वारीचेच पाहावे. जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीची ऊर्जा ३४९ किलोकॅलरी आहे. नव्या तक्त्यांत ती १३९८ किलोज्यूल आहे. १३९८ ला ४.१८४ ने भागले की ३३४ येतात, म्हणजे नमुने आणि विश्लेषणाची पद्धत बदलल्यावर आकडा १५ किलोकॅलरीने खाली आला आहे. तांदळाच्या बाबतीत उलट घडले: जुना आकडा ३४५ किलोकॅलरी, नवा १४९१ किलोज्यूल, म्हणजे ३५६ किलोकॅलरी. जुन्या तक्त्यांत ज्वारी तांदळापेक्षा किंचित वर होती, नव्या तक्त्यांत ती स्पष्टपणे खाली आहे. भाकरी आणि भात यांच्या तुलनेवर मराठीत इतके लिहिले जात असताना हा बदल ज्यांच्या लक्षात आला नाही, त्यांना तो बहुधा एकक वेगळे असल्यामुळेच दिसला नाही. आणि जुन्या ३४९ शेजारी नव्या तक्त्यातून घेतलेला तांदळाचा आकडा रूपांतर करून मांडणे हा तर त्याहून मोठा दोष आहे, कारण त्यात दोन भिन्न पद्धतींच्या निष्कर्षांची तुलना होते.

दुसरीकडे अन्नपदार्थांच्या वेष्टनांविषयीचे भारतातील २०२० चे नियम ऊर्जा किलोकॅलरीत छापण्यास सांगतात आणि दैनिक गरजेचा आधार २००० किलोकॅलरी धरतात. म्हणजे देशाचा संदर्भग्रंथ एका एककात आणि दुकानातील पाकीट दुसऱ्या एककात, अशी स्थिती आहे, आणि या दोहोंमधला पूल बांधण्याचे काम लेखकाकडेच येते. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर पाकिटावर किलोज्यूलच भेटतात. तेथे सरासरी प्रौढाची दैनिक गरज ८७०० किलोज्यूल अशी सांगितली जाते, जी सुमारे २०८० किलोकॅलरी होते. महाराष्ट्रातून गेलेला आहारसल्ला त्यांना त्या आकड्यांत वाचता आला पाहिजे. बिस्किटांच्या पाकिटावरील १८०० हा आकडा पाहून घाबरलेल्या वाचकाला तो किलोज्यूलचा आहे आणि किलोकॅलरीत सुमारे ४३० होतो, हे मराठी लेखाने सांगितले नाही तर कोणी सांगावे? मनातल्या मनात हिशेब करण्याची रीतही सोपी आहे. किलोकॅलरीला चारने गुणावे आणि आलेल्या आकड्यात त्याचा विसावा भाग मिळवावा. उलट दिशेने जाताना किलोज्यूलचा चौथा भाग घ्यावा आणि त्यातून त्याचाच विसावा भाग वजा करावा. उत्तर एका टक्क्याच्या आत बरोबर येते. ज्यूल हे लहान एकक असल्यामुळे त्यातील आकडा नेहमी मोठा असतो, एवढे लक्षात ठेवले की गुणायचे कुठे आणि भागायचे कुठे, यात चूक होत नाही.

ज्यूलचा आग्रह धरण्याचे खरे कारण मात्र या सोयीच्या पलीकडे आहे. ज्यूलमध्ये लिहिल्याबरोबर अन्नातील ऊर्जा जगातील इतर सर्व ऊर्जेच्या शेजारी येऊन बसते. ६० किलोग्रॅम वजनाची व्यक्ती एखाद्या गडाची ५०० मीटर उंचीची चढण चढते तेव्हा गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तिने केलेले कार्य वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराइतके, म्हणजे ६० गुणिले ९.८ गुणिले ५०० इतके, अर्थात २,९४,००० ज्यूल किंवा २९४ किलोज्यूल असते. हे सुमारे ७० किलोकॅलरी झाले. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी ढोबळपणे पाचवा ते चौथा भागच कार्यात उतरतो आणि उरलेली उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, म्हणून या चढाईसाठी शरीराचा खर्च साधारण २८० ते ३५० किलोकॅलरी येतो. व्यायामाच्या यंत्रावर किंवा मनगटी घड्याळात दिसणारा आकडा कोणी असा तपासून पाहायला शिकला, तर त्याला कोणाच्या दाव्यावर आंधळेपणाने विसंबावे लागणार नाही. कॅलरीत अडकलेल्या वाचकाला मात्र हा हिशेब सुरूच करता येत नाही, कारण वस्तुमान आणि उंची यांपासून कॅलरीकडे जाणारी वाट ज्यूलमधूनच जाते.

विजेचेही तसेच. एका सेकंदाला एक ज्यूल या दराला वॅट म्हणतात, आणि वीजबिलातील एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, ३६ लाख ज्यूलचे असते. किलोकॅलरीत ते सुमारे ८६० होतात. दिवसाचे २००० किलोकॅलरी अन्न म्हणजे ८३६८ किलोज्यूल, म्हणजेच सव्वादोन युनिटांहून थोडे अधिक. चोवीस तासांत विभागले तर सरासरी ९७ वॅट, म्हणजे शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी शक्ती एक माणूस अखंड वापरत असतो. ८६० हा आकडा तर महाराष्ट्रातील औष्णिक वीजकेंद्रांच्या कारभाराच्याही मुळाशी आहे. भारतात कोळशाची प्रत किलोग्रॅममागे किती किलोकॅलरी यावर ठरते, आणि एक युनिट वीज निर्माण करण्यासाठी किती किलोकॅलरी उष्णता खर्च झाली यावर केंद्राची कार्यक्षमता तपासली जाते. एखादे केंद्र युनिटमागे २४०० किलोकॅलरी खर्चत असेल, तर ८६० ला २४०० ने भागून त्याची कार्यक्षमता सुमारे ३६ टक्के असल्याचे कळते. वीजदरावरील बातम्यांत हा खर्चाचा आकडा येतो पण ८६० शी त्याचे नाते सांगितले जात नाही, त्यामुळे वाचकाला तो आकडा चांगला की वाईट हेच समजत नाही. भाकरी, गड आणि वीजकेंद्र यांचा हिशेब एकाच नियमाने चालतो, हे दाखवण्याची संधी अशा प्रत्येक बातमीत असते.

यावरून आपल्याकडे ज्या मागण्या आहेत त्या फारशा खर्चाच्या नाहीत. लेखकांनी ऊर्जेचे एकक प्रत्येक वेळी पूर्ण लिहावे आणि किलोकॅलरीच्या जागी नुसते कॅलरी लिहिण्याची सवय सोडावी. आकडा कोणत्या तक्त्यातून घेतला आणि तो रूपांतरित असल्यास कोणत्या गुणकाने केला, हे लेखात एका वाक्यात सांगावे; जुन्या आणि नव्या तक्त्यांतील आकडे एकाच तुलनेत मिसळू नयेत. संपादकांनी आपल्या लेखनसंकेतांत किलोकॅलरी आणि किलोज्यूल ही दोन्ही एकके शेजारी-शेजारी देण्याचा नियम समाविष्ट करावा, आणि मुद्रितशोधकांना शुद्धलेखनाइतकाच एककांचाही अधिकार द्यावा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीने अर्थ क्वचितच हजारपट बदलतो, गळलेल्या 'किलो'ने तो प्रत्येक वेळी बदलतो. शालेय पुस्तकांच्या रचनाकारांना विशेष विनंती अशी की भौतिकशास्त्राच्या प्रकरणातील कॅलरी आणि आहाराच्या पाठातील कॅलरी यांचा मेळ एकाच पुस्तकात, एकाच सोडवलेल्या उदाहरणाने घालून द्यावा, आणि ज्यूल यांच्या वल्ह्यांच्या प्रयोगाला चित्रासह दोन पाने द्यावीत.

कॅलरी हे एकक मराठीतून हद्दपार करावे, अशी मागणी येथे केलेली नाही. वेष्टनांचे नियम, डॉक्टरांचे सल्ले आणि लोकांच्या सवयी पाहता किलोकॅलरी पुढेही दीर्घकाळ वापरात राहील, आणि नीट लिहिली तर तिच्यापासून कोणाचेही नुकसान नाही. पण तिच्या शेजारी ज्यूल छापायला एका ओळीत दोन शब्दांची जागा पुरते. येत्या अंकापासून, येत्या आवृत्तीपासून ती जागा द्यावी, ही नम्र विनंती.

कळावे.

आपला विश्वासू,
मराठी विज्ञानलेखनाचा एक वाचक